स्वस्त गाडीचा वायदा आणि शंकेचा हिशेब

पिंपळे सौदागरच्या या सभागृहात बोलताना आम्हाला नेहमी थोडी धाकधूक असते. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यभर गाड्या बनवल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं हिंजवडीत बसून गाड्यांच्या संगणक प्रणाली लिहितात. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा गाडीविषयी काही चुकलं तर शेवटी सांगा. वायद्याविषयी मात्र थोडं ऐकून घ्या, कारण आजचा विषय गाडीपेक्षा वायद्याचा जास्त आहे.

विषय निघाला तो असा. सकाळी बागेत फिरताना भेटणारे आमचे एक स्नेही आहेत. कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांनी एक दिवस मोबाइल पुढे केला. त्यावर छोट्या गाडीचं चित्र, खाली मजकूर : नवी इलेक्ट्रिक नॅनो, किंमत अडीच लाख, एकदा चार्ज केली की चारशे किलोमीटर. ते म्हणाले, "सर, ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे बाजूला आहेत. बुक करू का? तुम्ही तर्कशास्त्र शिकवलंत, तुम्हीच सांगा."

तो निरोप खोटा होता. अशी गाडी बाजारात आलेलीच नव्हती. पण आम्हाला त्यांना हसता येईना. कारण काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एका स्वस्त विद्युत गाडीसाठी आगाऊ रक्कम भरून बसलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, गरजही नाही. तारीख चार वेळा पुढे गेली आणि शेवटी आम्ही पैसे परत मागितले. ते मिळाले, एवढं खरं. चाळीस वर्षं मुलांना अनुमानाचे नियम शिकवणारा माणूस एका चकचकीत चित्रापुढे नियम विसरला. का विसरला? गाडी हवी होती म्हणून. इच्छा असली की पुरावा आपोआप पुरेसा वाटू लागतो.

तेव्हा आज आपण स्वस्त गाडीच्या वायद्याचा इतिहास पाहू आणि त्यातून शंका कशी घ्यावी हे शोधू. आपल्या न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यात प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा येतो संशय, चौथा प्रयोजन आणि पुढे निर्णय. संशयाला तिथे मानाची जागा आहे, पण ती वाटेवरची जागा आहे. संशयावरच घर बांधून राहायचं नाही, निर्णयापर्यंत जायचं. हे तीन शब्द लक्षात ठेवा : संशय, प्रयोजन, निर्णय.

सुरुवात अमेरिकेतून करू, कारण हा वायदा शंभर वर्षांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडच्या शहरांत विजेच्या गाड्या सर्रास दिसत. आवाज नाही, धूर नाही, पुढे हँडल मारून इंजिन सुरू करायची कटकट नाही. अडचण एकच, बॅटरी जड आणि महाग. थॉमस एडिसनने लोह आणि निकेलची नवी बॅटरी काढली. पहिल्या बॅटऱ्या गळू लागल्या, त्या मागे घ्याव्या लागल्या आणि सुधारलेली बॅटरी यायला १९०९ उजाडलं. मग जानेवारी १९१४ मध्ये साक्षात हेन्री फोर्ड यांनी वर्तमानपत्राला सांगितलं की एडिसन आणि ते मिळून स्वस्त विद्युत गाडीवर काम करत आहेत आणि वर्षभरात तिचं उत्पादन सुरू होईल अशी आशा आहे. जगातला सर्वांत नावाजलेला संशोधक आणि सर्वांत नावाजलेला कारखानदार! याहून मोठा शब्द कोणाचा असणार?

ती गाडी आली नाही. दोघेही लबाड नव्हते. पण बॅटरी त्या किमतीला गाडी ओढेना आणि तोवर पेट्रोल गाडीची हँडल मारायची कटकट विजेच्या स्टार्टरने संपवली होती. गंमत पाहा, विजेनेच विजेच्या गाडीचा घात केला. फोर्ड यांची पेट्रोलवरची मॉडेल टी मात्र दरवर्षी स्वस्त होत गेली. १९०८ मध्ये ८५० डॉलरची गाडी पुढे तीनशेच्या खाली आली. म्हणजे त्याच माणसाने एका बाजूला स्वस्ताई प्रत्यक्ष करून दाखवली आणि दुसऱ्या बाजूचा त्याचा शब्द हवेत राहिला. यातून पहिला धडा घ्या. माणसाची पत म्हणजे वस्तूचा पुरावा नव्हे.

आता आपल्याकडे या. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात गाडी ही दिल्लीच्या परवान्यावर चालणारी वस्तू होती. १९५९ मध्ये एल. के. झा यांच्या समितीने छोट्या स्वस्त गाडीची शिफारस केली आणि मग वर्षानुवर्षं समित्या आणि चर्चा चालू राहिल्या. त्याच काळात आपल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ स्वतःच्या हातांनी छोटी गाडी बनवत होते. शिक्षण शाळेपुरतं. १९४९ च्या सुमारास त्यांची पहिली गाडी तयार झाली, पुढे सुधारत सुधारत सत्तरच्या दशकापर्यंत त्यांनी नवनव्या गाड्या काढल्या. नाव 'मीरा'. बारा हजारांच्या आसपास ती देता येईल असा त्यांचा हिशेब होता. गाडी रस्त्यावर चालत होती, लोक तिच्यात बसत होते. परवाना काही मिळाला नाही आणि कारखाना झाला नाही.

उलट १९७० मध्ये संजय गांधींना वर्षाला पन्नास हजार छोट्या गाड्या बनवण्याचं इरादापत्र मिळालं. तेव्हा त्यांच्याकडे कागद होता, जमीन आली, पैसा आला. लोकांना विकता येईल अशी गाडी मात्र त्या कंपनीतून शेवटपर्यंत आली नाही. पुढे त्या व्यवहारावर न्यायमूर्ती गुप्ता यांचा चौकशी आयोग बसला. इचलकरंजीत गाडी होती, पण तिच्यामागे वजनदार शब्द नव्हता. दिल्लीत वजनदार शब्द होता, पण गाडी नव्हती. आणि त्या काळच्या व्यवस्थेने शब्द उचलला. वायद्याला बाजारभाव असतो मंडळी, आणि कधी कधी तो वस्तूपेक्षा जास्त असतो.

पण इथेच थांबलो तर आम्ही अर्धसत्य सांगितलं असं होईल. सरकारने नवी कंपनी काढली, जपानच्या सुझुकीला बरोबर घेतलं आणि डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० खरोखर लोकांच्या हाती आली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. सामान्य कामगाराला ती तेव्हाही परवडत नव्हती, पण मध्यमवर्गाने पहिल्यांदा गाडीचं स्वप्न हिशेबात मांडलं. ज्यांनी 'हे सगळं थोतांड आहे' म्हणून पाठ फिरवली, ते १९७७ मध्ये बरोबर होते आणि १९८३ मध्ये चुकले.

तसंच आपल्या पिंपरीचं. नव्वदीत रतन टाटा म्हणाले की झेनच्या आकाराची, अँबॅसडरइतकी ऐसपैस, मारुती ८०० च्या किमतीची आणि डिझेलच्या खर्चात चालणारी भारतीय गाडी आम्ही करू. किती जण हसले असतील! निसानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना सुटा करून जहाजाने इकडे आणला आणि ३० डिसेंबर १९९८ रोजी इंडिका आली. सुरुवातीची किंमत दोन लाख एकोणसाठ हजार, म्हणजे मारुती ८०० पेक्षा महागच. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारीही आल्या आणि २००१ मध्ये सुधारलेली इंडिका काढावी लागली. वायद्यातले आकार, जागा आणि डिझेल हे भाग पुरे झाले, किंमतीचा भाग राहिला. हे नीट लक्षात घ्या. स्वस्त गाडीच्या वायद्यात सगळ्यात शेवटी पुरा होणारा, किंवा न होणारा, भाग असतो तो 'स्वस्त' हा शब्द.

मग नॅनो. पावसात स्कूटरवरून जाणारं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली, ही गोष्ट तुम्हा सर्वांना पाठ आहे. २००३ मध्ये लाख रुपयांचा आकडा जगजाहीर झाला. गिरीश वाघ यांच्या चमूने इथे पुण्यात गाडी घडवली. तुमच्यापैकी कुणाकुणाचा हात त्या कामाला लागला असेल. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ती दाखवताना टाटा म्हणाले की दिलेला शब्द तो दिलेला शब्द. २००९ मध्ये ती बाजारात आली तेव्हा साध्या नॅनोची मूळ किंमत लाखच होती. कर आणि वाहतूक धरून हातात पडेपर्यंत आकडा वर जात होता, पण शब्द पाळला असं म्हणावंच लागेल.

प्रश्न असा की लाखात काय बसलं आणि काय बाहेर राहिलं. चाकाला चारऐवजी तीन नट, काचेला एकच वायपर, साध्या गाडीत एसी नाही. हे अभियंत्यांचं कौशल्य होतं, त्याला आमचा सलाम. पण गाडीबाहेरचाही एक हिशेब होता. सिंगूरची सुमारे हजार एकर जमीन, तिथलं आंदोलन, ऑक्टोबर २००८ मध्ये माघार, मग गुजरातमध्ये साणंदला जमीन आणि सवलती. सिंगूरच्या शेतकऱ्यांना जमीन परत द्या असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ऑगस्ट २०१६ मध्ये. दहा वर्षं ज्याच्या शेतात पीक उभं राहिलं नाही, त्याने त्या लाखात किती भर घातली? पिंपळे सौदागर हे पवनेकाठचं शेतीचं गाव होतं. जमिनीचा हिशेब तुम्हाला आम्ही शिकवायला नको.

आणि ज्याच्यासाठी गाडी केली तो स्कूटरवाला आलाच नाही. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची, सर्वांत चांगल्या वर्षी, म्हणजे २०११-१२ मध्ये, खपल्या सुमारे ७४ हजार. २०१५ मध्ये नवी नॅनो दोन लाखांच्या घरात गेली होती. जून २०१८ मध्ये महिन्याभरात एकच गाडी बनली. स्वस्त म्हणून जिची ओळख झाली, ती गाडी दारात उभी करायला लोकांना कमीपणा वाटू लागला. परवडणं हा खिशाचा प्रश्न असतोच, शिवाय तो मानाचाही असतो. हे कुठल्याही तक्त्यात मांडलं नव्हतं.

याच नॅनोचं विद्युत रूप २०१० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ठेवलं होतं. आमच्या स्नेह्यांच्या मोबाइलवरच्या अफवेचं बी बहुधा तिथलं. ती गाडी तेव्हा स्वस्तात का येणं शक्य नव्हतं, हे साध्या गुणाकाराने कळतं. ब्लूमबर्ग एनईएफ ही संस्था बॅटरीच्या सरासरी किमती दरवर्षी जाहीर करते. २०१० मध्ये एका किलोवॅट-तासाला, म्हणजे एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीला, हजार डॉलरहून जास्त पडत. छोट्या गाडीला २४ युनिटांची बॅटरी धरा. २४ हजार डॉलर, तेव्हाच्या दराने अकरा लाख रुपये. नुसती बॅटरी! त्या वर्षी ज्याने शंका घेतली, त्याची शंका शंभर टक्के रास्त होती.

पण २०२४ मध्ये तोच दर ११५ डॉलरवर आला. तीच बॅटरी आता सव्वादोन-अडीच लाखांची. तेव्हा २०१० ची शंका आजही जशीच्या तशी म्हणत बसणारा माणूस विचार करत नाही, तो फक्त जुनं पाठांतर म्हणतो. आणि 'अडीच लाखांत चारशे किलोमीटर' म्हणणाराही विचार करत नाही, कारण चारशे किलोमीटरला लागणाऱ्या बॅटरीतच त्याचे अडीच लाख संपतात. चाकं, काचा, आसनं काय फुकट येणार आहेत?

आता दुसऱ्या शब्दाकडे, प्रयोजनाकडे येऊ. वायदा कोण करतो आणि आज त्याला त्यातून काय मिळतं? राष्ट्रीय विद्युत वाहन योजना २०१३ मध्ये आली, तिचं लक्ष्य २०२० पर्यंत साठ-सत्तर लाख विद्युत आणि हायब्रिड वाहनांचं होतं. ते आपण कुठेच गाठलं नाही. नितीन गडकरी यांनी मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं की जास्तीत जास्त दोन वर्षांत विद्युत गाड्या पेट्रोल गाड्यांच्या किमतीला येतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते म्हणाले, चार ते सहा महिन्यांत. आम्ही त्यांच्या हेतूवर शंका घेत नाही. मंत्र्याच्या वायद्याचं प्रयोजन उद्योगाला दिशा देणं असतं, कारखानदाराच्या वायद्याचं भांडवल आणि गिऱ्हाईक धरून ठेवणं. इलॉन मस्क यांनी २०२० मध्ये तीन वर्षांत २५ हजार डॉलरच्या गाडीचा वायदा केला होता. त्यांच्या कंपनीने पुण्यात विमाननगरला कार्यालय घेतलं, २०२५ मध्ये मुंबईत दुकान उघडलं आणि तिथली गाडी सुरू झाली जवळपास साठ लाखांपासून. ही प्रयोजनं चुकीची आहेत असं नाही. फक्त ती आपली नाहीत. आपलं प्रयोजन औंधच्या मंडईत जाऊन येणं हे असतं.

तिसरा शब्द निर्णय. इथे तर पाटी-पेन्सिल घ्यावीच लागते. एकच गाडी घेऊ, टियागो. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी कमी झाल्यावर पेट्रोलची टियागो ४ लाख ५७ हजारांपासून आणि विजेची ७ लाख ९९ हजारांपासून. फरक तीन लाख बेचाळीस हजार. महिन्याला साडेसातशे किलोमीटर चालवलीत तर पेट्रोलला अंदाजे ४,३०० रुपये, घरच्या विजेला ९००. बचत ३,४००. फरक भरून यायला आठ वर्षांहून थोडी जास्त. रोज चाकणला जाऊन येणारा असेल, महिन्याला दीड हजार किलोमीटर, तर सव्वाचार वर्षांत पैसे वसूल. आणि आमच्यासारखा, महिन्याला दोनशे किलोमीटर? एकतीस वर्षं! आम्ही सत्तरी ओलांडलेली. आशीर्वाद द्या.

म्हणजे 'ही गाडी स्वस्त आहे का' या प्रश्नाला उत्तरच नाही. कुणाला, किती किलोमीटरला, किती वर्षांत, हे जोडल्याशिवाय तो प्रश्न पुरा होत नाही. हल्ली एक नवी रीत निघाली आहे, गाडी घ्या आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरवर भरा. एमजीची कॉमेट अशी ४ लाख ९९ हजार अधिक किलोमीटरला अडीच रुपये अशी मांडली. पुण्याच्याच वेव्ह कंपनीने ईव्हा ही छोटी गाडी जानेवारी २०२५ मध्ये सव्वातीन लाख अधिक किलोमीटरला दोन रुपये अशी जाहीर केली आणि २०२६ पासून ती हाती देऊ असं सांगितलं. यात फसवणूक नाही, अट उघड लिहिलेली आहे. पण जाहिरातीत मोठ्या अक्षरात सव्वातीन असतं आणि दोन रुपये बारीक अक्षरात. आपली नजर मोठ्या अक्षरावर जाते, भाडं मात्र रोजच्या रोज चालू राहतं.

आणखी एक बोलायचं आहे, ते टाळून चालणार नाही. आज चाकणला विजेच्या गाड्या खरंच बनतात. महिंद्राची बीई ६ तिथली, नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली, १८ लाख ९० हजारांपासून. पहाटे कोकणे चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत मुलं उभी असतात. त्यांतली कितीतरी कंत्राटावर. त्यांच्यासाठी 'परवडणारी' म्हणजे अजून बस आणि दुचाकी. फोर्ड यांच्या कारखान्यातला कामगार पुढे स्वतः बनवलेली गाडी घेऊ शकला, कारण गाडी खाली आली आणि पगार वर गेला. स्वस्ताईची ही दोन टोकं आहेत. आपल्याकडचा प्रत्येक वायदा पहिल्या टोकाविषयी बोलतो, दुसऱ्याचं नाव काढत नाही. खरी शंका घ्यायची असेल तर ती इथे घ्या.

आता आमच्या स्नेह्यांना काय सांगितलं ते सांगून थांबतो. आम्ही म्हटलं, तीन गोष्टी विचारा. गाडी प्रत्यक्ष कुठे चालवून पाहता येईल? सगळं धरून, तुमच्या किलोमीटरला, पाच वर्षांत किती पडेल? आणि तुमच्या आगाऊ रकमेचं ती हातात येईपर्यंत कोण काय करणार आहे? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत ग्रॅच्युइटी बँकेत राहू द्या.

ते ऐकून म्हणाले, "म्हणजे सर, तुमचा विश्वासच नाही."

आम्ही म्हटलं, तसं नाही. आम्ही घरी एका वहीत लिहून ठेवलं आहे : पाच लाखांच्या आत, बॅटरीसकट, चौघं बसतील अशी विजेची गाडी शोरूममध्ये उभी दिसली आणि ती घेऊन वर्षभर चालवणारी चार घरं आपल्या पिंपळे सौदागरमध्ये भेटली, की आमची शंका संपली. वायदा करणाऱ्याकडे आपण तारीख मागतो. शंका घेणाऱ्यानेही आपली शंका कशाने फिटेल हे आधी लिहून ठेवायला हवं, नाहीतर त्याच्यात आणि हट्टी माणसात फरक तो काय राहिला?

ते हसले. म्हणाले, मग चौघांतलं एक घर माझं धरा. आम्ही त्यांचं नाव वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या, आणि गाडीविषयी जिथे चुकलो असू तिथे कान धरा.